टांग्याच्या पाट्यांची पकड : मिरजेतल्या वर्कशॉपमधल्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

चाचांचा टांगा आज वर्कशॉपात आला. घोडी जुंपून नव्हे, माणसांनी ढकलत. रोजे चालू आहेत, त्यामुळे चहाही नाही. चाचा सावलीत बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "बेटा, डावा पाटा बदलून टाक. ईदच्या आधी दे म्हणजे झालं."

टांगा त्यांच्या वडिलांचा. सागवानी सांगाडा, चाकांचे मधले तुंबे बाभळीचे, लोखंडी धावेवर रबराची पट्टी. आस ३८ मिलिमीटर चौरस, टोकांना गोल. दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने पाच-पाच पोलादी पाट्यांची एकेक कमान, म्हणजे स्प्रिंग. पुढचं टोक पिनने पक्कं, मागचं शॅकलवर, म्हणजे दोन छोट्या पट्ट्यांच्या झुलत्या जोडावर. आस कमानीच्या खाली, मध्ये लाकडी ठोकळा, आणि सगळं दोन यू-बोल्टांत आवळलेलं.

पाटा बदलण्याआधी मी टेप लावला. पुढच्या पिनेपासून आसापर्यंतचं अंतर उजवीकडे बरोबर, डावीकडे १४ मिलिमीटर जास्त. म्हणजे आसाचं डावं टोक मागे सरकलेलं. दोन कमानींमध्ये अंतर एक मीटर. हिशोब सोपा आहे: टांगा मीटरभर पुढे गेला की चाकं त्याला १४ मिलिमीटर डावीकडे नेऊ बघतात. दहा मीटरला १४ सेंटिमीटर. ते ओढणं रोखतं कोण? घोडी. दांड्या डावीकडे वळायला बघणार आणि उजवी दांडी तिच्या अंगावर घासणार.

मी विचारलं, "चाचा, घोडीला उजवीकडे जखम आहे का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. जखम आहे. तळहाताएवढी. महिनाभर ते साज बदलून बघत होते, पट्ट्याखाली घोंगडी घालत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी आधीच जुंपायचं बंद करायला सांगितलंय.

मग यू-बोल्ट उघडले. चार नटांपैकी दोन हाताने फिरले. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मध्येच तुटलेला, तुटीवर जुना गंज. वरून दुसऱ्या पाट्याला मधल्या भोकापासून कडेपर्यंत तडा. बाकीच्या पाट्यांना डिझेल लावून पुसलं, वर खडूची पूड टाकली आणि संध्याकाळपर्यंत ठेवलं. तडा असता तर आत शिरलेलं डिझेल खडूवर रेघ ओढून बाहेर आलं असतं. नाही आलं. चार पाटे चांगले आहेत.

११ मार्च

शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं. चाचा धरून चार माणसं बसलेला टांगा, चाकं आणि आस वजा करून, ४०० किलोच्या आसपास. एका कमानीवर २०० किलो, म्हणजे साधारण २,००० न्यूटन.

कमान डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (डोळा म्हणजे टोकाला पिनेसाठी वळवलेलं कडं) ९०० मिलिमीटर, पाटा ५० रुंद, ६ जाड. पुस्तकी सूत्राने कमान ४८ मिलिमीटर दबायला हवी. उजवीकडे, जिथे पकड शाबूत आहे तिथे मोजली तर मोकळी असताना बाक, म्हणजे कमानीची मधली उंची, ९०, भरल्यावर ४९. म्हणजे ४१ दबली. सात मिलिमीटर गेले कुठे? थोडे पाट्यांच्या आपसातल्या घर्षणात, पण बहुतेक पकडीत. यू-बोल्टांच्या खालचे मधले १०० मिलिमीटर वाकतच नाहीत, त्यामुळे कमान तेवढी आखूड आणि कडक होते. सूत्रात लांबी ९०० ऐवजी ८५० घातली की उत्तर ४१च्या जवळच येतं.

हे लिहून ठेवतोय कारण पाटा का तुटला ते यातच आहे. या भाराला पाट्यात ताण येतो चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटनच्या आत. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या, स्प्रिंग स्टीलला हे काहीच नाही. पण मधोमध सेंटर बोल्टचं १० मिलिमीटरचं भोक आहे. तिथे ५० रुंदीतली १० गेली, आणि भोकाच्या कडेला ताण गोळा होतो तो वेगळा. दुप्पट धरायला हरकत नाही. शिवाय खड्ड्यात भार क्षणभर कितीतरी वाढतो. पकड घट्ट असेल तर भोकाच्या आजूबाजूचा भाग वाकत नाही, म्हणून भोक सुरक्षित. पकड सुटली की पहिलं वाकतं ते नेमकं तिथेच. पाटा कमजोर नव्हता. नट सैल होते.

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "गेल्या दहा वर्षांत तीन पाटे बदलले या बाजूला." तिन्ही वेळा दुकानदाराने पाटा दिला, बसवणाऱ्याने बसवला, आणि पकडीकडे कुणी पाहिलं नाही.

१६ मार्च, रविवार

धुळवडीत दोन दिवस गेले. आज मागचं टोक.

डावा शॅकल बघितल्यावर अंगावर काटा आला. पट्ट्या जेमतेम ४० मिलिमीटरच्या आणि गाडी जॅकवर असतानाच, पाटे मोकळे असतानाच, शॅकल ४० अंश मागे झुकलेला. कधीतरी सांगाड्यातलं जुनं भोक फाकलं म्हणून कुणीतरी ब्रॅकेट दोन बोटं पुढे आणून नवीन भोक पाडलंय.

कमान सपाट होते तेव्हा तिची लांबी वाढते. ९० चा बाक ४९ वर आला की दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण १६ मिलिमीटरने वाढतं. ते सामावून घ्यायलाच शॅकल असतो. ४० मिलिमीटरची पट्टी ४० अंश झुकली म्हणजे २६ मिलिमीटर आधीच खर्च झाले. त्यात १६ मिळवा: ४२. पट्टीच ४० ची. म्हणजे पूर्ण भरण्याआधीच शॅकल आडवा पडून अडकतो आणि पुढे कमान कमान राहत नाही, लोखंडाचा दांडा होतो. खड्ड्याचा दणका मग थेट यू-बोल्ट, ब्रॅकेट आणि दांड्यांतून घोडीच्या पाठीवर. चाचा म्हणत होते की चौथं माणूस बसलं की टांगा "ठोकतो". तो ठोका म्हणजे हे.

उजवा शॅकल रिकाम्या गाडीत जवळजवळ सरळ उभा. म्हणून ती बाजू टिकली.

नवीन पट्ट्या ६५ मिलिमीटर केंद्रापासून केंद्रापर्यंत, ८ जाड, दोन्ही बाजूंना सारख्या. मोकळ्यात सरळ, भरल्यावर मागे १४ अंश. भरपूर जागा उरते. पट्ट्या लांब झाल्याने मागची बाजू किंचित उचलली जाईल, म्हणून ब्रॅकेटची पिन तेवढीच वर घेतोय. दोन चाकी गाडीत मागचा भाग वर-खाली झाला की दांड्यांचा भार घोडीच्या पाठीवर बदलतो, त्याच्याशी खेळायचं नाही.

२२ मार्च

लाकडाचं काम. सांगाड्याची लांब तुळई ७५ बाय ६० सागवान, आणि सागवान अजून निरोगी आहे. पटाशी लावली की वास येतो. वाईट झालंय ते भोकांपाशी. बोल्टखाली रुपयाएवढे वॉशर, पाच मिलिमीटर लाकडात रुतलेले. भोकं लांबट. पावसाळ्यात लाकूड फुगतं, वॉशर रुततो. उन्हाळ्यात आक्रसतं, नट सैल. मग कुणीतरी पाना लावून आवळतो, पुन्हा रुततो.

जुनी भोकं सागवानी खुंट्या आणि इपॉक्सीने बंद केली. ब्रॅकेटच्या वर तुळईच्या पाठीवर २०० मिलिमीटर लांब, ६ जाड पट्टी टाकली, म्हणजे बोल्टांचा दाब रुपयावर न पडता वीतभर लांबीवर पसरेल. नवीन चार भोकं एका रेषेत घेतली नाहीत, आळीपाळीने डावी-उजवी. एकाच रेषेत असती तर तंतूंच्या बाजूने फाट गेली असती. भोकांत आतून जवसाचं तेल, दोनदा.

२७ मार्च

नवीन दुसरा पाटा सांगलीहून ट्रकच्या कमानी करणाऱ्याकडून बाक देऊन आणला. ट्रकचे १२ मिलिमीटरचे यू-बोल्ट आणले, उच्च ताकदीचे. ते आपल्या भट्टीत तापवून वाकवायचे नाहीत. दिलेलं पाणी उतरतं आणि साध्या सळईइतकेच उरतात. जुने यू-बोल्ट १० मिलिमीटरच्या साध्या सळईचे होते, आटे हाताने पाडलेले.

ठोकळ्यावरून चाचांशी बराच वेळ बोलणं झालं. मला आस आणि पाट्यांमध्ये लोखंडी बैठक हवी होती. चाचा म्हणाले, "बाबा लाकूडच घालायचे. लोखंडाला लोखंड भिडलं की आवाज येतो, घोडी बिचकते." घोडीच्या स्वभावावर त्यांच्यापुढे मी काय बोलणार. नवीन बाभळीचा ठोकळा केला, वाळलेला, ५० बाय १२०, तंतू आडवे. टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते हा पाना दाखवतो) ७० न्यूटन-मीटरला आवळलं, कोपऱ्यांच्या जोडीने, २५, ५०, ७० अशा तीन फेऱ्यांत. प्रत्येक नटावरून खाली प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल.

पुढच्या डोळ्यात रबरी बुश (पिनेभोवतीची नळी), टेम्पोचे. शॅकलच्या चारही जागी गनमेटलचे बुश लेथवर करून, पिनेत ग्रीस निपल. आधी तिथे बुश नव्हतेच; पिन सरळ पाट्यात, आणि पिन काकडीच्या बीसारखी झिजलेली.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली आणि दुपारी टांगा चाचांच्या दारात नेऊन दिला. आसाची दोन्ही टोकं पुढच्या पिनेपासून सारख्या अंतरावर, फरक एक मिलिमीटरच्या आत. घोडीची जखम सुकलीये, खपली पडलीये. डॉक्टरांनी हलकी चाल चालवायला परवानगी दिली. उद्या ईद. चाचांच्या नातवंडांना फक्त गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचं ठरलं, तेही दोघादोघांना.

९ एप्रिल

दहा दिवसांनी तपासणी. रेघा जशाच्या तशा. एकही नट जागचा हललेला नाही. चाचा खूश झाले. मी टॉर्क पाना लावला आणि पहिलाच नट जवळजवळ पाऊण फेरा फिरला तेव्हा कुठे ७० ला टिकला. चारही नटांची तीच गत.

१२ च्या बोल्टाच्या दोन आट्यांमध्ये अंतर १.७५ मिलिमीटर. पाऊण फेरा म्हणजे १.३ मिलिमीटर. नट फिरले नाहीत, तरी पकड गेली. मधलं लाकूडच १.३ मिलिमीटर दबलं, थोडं दाबाने, थोडं एप्रिलच्या उन्हाने. ताणलेला बोल्ट स्वतः एवढा लांबलेलाच नसतो, त्याहून फार कमी. लाकूड तेवढं बसलं की बोल्टातला ताण जवळजवळ शून्य.

चाचांना नटावरची न तुटलेली रेघ दाखवली, मग त्यांच्याच हातात पाना दिला. त्यांनी फिरवून बघितलं, पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाले, "बाबा दर जुम्म्याला पाना घेऊन बसायचे खाली. मला वाटायचं, सवय आहे म्हाताऱ्याची." त्यांच्या वडिलांची पद्धत चुकीची नव्हती. लाकडाचा ठोकळा आणि दर आठवड्याचा पाना, हे दोन्ही मिळून ती पद्धत होती. ठोकळा राहिला, पाना गेला.

१३ एप्रिल, रविवार

लोखंडी बैठक केली. १२ मिलिमीटर प्लेट, खाली पुढे-मागे दोन ओठ, आसाच्या चौकोनावर घट्ट बसणारे. वर मधोमध भोक, त्यात सेंटर बोल्टचं डोकं अर्धा मिलिमीटरच्या खेळाने बसतं. आता आस मागे सरकू बघेल तर आधी ओठ अडवतील, मग बोल्टचं डोकं. यू-बोल्टांचं काम फक्त दाबून धरणं. लाकडाच्या मूळ जाडीइतकी उंची राखायला बैठकीखाली प्लेटचेच थर घेतले आणि ते बैठकीलाच वेल्ड केले. आसाला मात्र वेल्डिंगचा स्पर्शही होऊ दिला नाही. एवढ्या जुन्या आसाचं पोलाद कसलं आहे कोण जाणे, आणि वेल्डच्या कडेला तो ठिसूळ झाला तर चाकासकट टांगा रस्त्यावर बसेल. पाट्यांनाही तोच नियम. कमानीवर वेल्डिंगचा टिपका मारून प्लेट "पक्की" करणारे मी पाहिलेत. तो टिपका म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात.

हे करताना डोक्यात एक गोष्ट घोळत होती. १८०४ साली लंडनच्या ओबादिया इलियटने लंबगोल कमानींचं पेटंट घेतलं. त्याआधी घोडागाड्यांच्या तळाशी पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत एक जाड लाकडी कणा असायचा, आणि बैठक चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली असायची. इलियटच्या कमानी सरळ आसावर बसल्या, तो जड कणा गेला, गाड्या हलक्या झाल्या. पण कणा गेल्यावर आस जागेवर ठेवायचं कामही कमानीकडे आणि तिच्या पकडीकडे आलं. आपल्या रस्त्यांवरच्या ट्रकची मागची कमानही आज हेच काम करते, म्हणून ट्रकवाले नवीन कमान बसवली की थोडं अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळतात. टांग्याला तो नियम कुणी सांगितलाच नाही.

आवाजाचं म्हणाल तर आला नाही. घट्ट आवळलेलं लोखंड हलत नाही, आणि हलत नाही ते वाजत नाही. आवाज पिनांचा होता.

२० एप्रिल

पुढच्या डोळ्यातला डावा रबरी बुश फाटला. चूक माझी. २७ मार्चला गाडी जॅकवर असताना, पाटे लोंबत असताना, मी पिनेचा नट पूर्ण आवळला. रबर त्या कोनात पकडलं गेलं. गाडी खाली उतरली, माणसं बसली, डोळा फिरला आणि रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत काम करत राहिलं. तीन आठवड्यांत फाटलं.

दोन्ही बुश नवे टाकले. या वेळी टांगा चाकांवर, वर वाळूच्या पोत्यांनी दोन माणसांचा भार, आणि मगच नट आवळला. घोडीला काही त्रास व्हायच्या आत कळलं, हे बरं झालं. आता प्रत्येक नटाची आवळणी कोणत्या अवस्थेत करायची ते कागदावर लिहून टांग्याच्या पेटीत ठेवलंय.

२४ मे

यंदा मेमध्येच पाऊस सुरू झाला. चार दिवस संततधार. चाचांच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली टांगा उभा, तिथे जाऊनच तपासला. यू-बोल्टांचे चारही नट ७० ला एक अंशही फिरले नाहीत. सागवानी तुळईवरचे ब्रॅकेटचे बोल्ट थोडे फिरले, पान्याच्या दोन ते तीन दातांएवढे. लाकूड फुगण्याआधीच्या उन्हाळ्याचा परिणाम असावा. आज फुगलेल्या लाकडावर जास्त आवळले नाहीत. पाऊस संपून लाकूड स्थिरावलं की बघायचं.

ग्रीस निपलवर चिखल. मोटारसायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून टोप्या केल्या.

८ जून

काल बकरी ईद होती, चाचांकडून जेवणाचं बोलावणं होतं. जेवणाआधी त्यांनी मला गोठ्यात नेलं. घोडीच्या उजव्या बाजूला केस परत आलेत, रंग अजून थोडा फिका. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, त्याचा विषय निघाला. मला वाटलं चाचा चिडतील. ते म्हणाले, "जनावराला त्रास असंल तर बंदच व्हायला पाहिजे. ज्याला घोडी पोसायची आणि गाडी राखायची ऐपत हाय, त्यानंच जुंपावी."

मग स्वतःच विचारलं की उजव्या बाजूचा लाकडी ठोकळा कधी काढतोस. तिथे अजून बाभूळच आहे.

२९ जून, रविवार

उजवी बाजूही लोखंडी बैठकीवर घेतली. उजव्या ठोकळ्याच्या कडा चार मिलिमीटरपर्यंत दबलेल्या निघाल्या. तिथला सेंटर बोल्ट वाकायला लागला होता, तुटला नव्हता. कमान उघडली आहे तर पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस दिलं. पुन्हा खडू आणि डिझेल. स्वच्छ.

टांगा रिकामा, मग दोन माणसं, मग चार, असा स्टेशनपर्यंत जाऊन आलो. चौथं माणूस मीच होतो. ठोका नाही. चाचांनी लगाम सैल सोडला, आणि सरळ रस्त्यावर घोडी मधोमध चालली, दांड्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर.

परत आल्यावर चाचा गाडीतून उतरले, टॉर्क पाना मागून घेतला आणि खाली वाकून उजवे चार नट स्वतः तपासले. ७०, ७०, ७०, ६८. शेवटचा त्यांनीच आवळला. पुढची तपासणी पन्नास किलोमीटर चालल्यावर, नाहीतर १३ जुलैला, जे आधी येईल ते. तुळईचे बोल्ट दिवाळीनंतर.